जुन्या बिलिंग प्रोग्रॅमचं टेक्स्ट रजिस्टर एक्सेलमध्ये नेताना आधी ओळ ओळखा, मग रकाने पाडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेलच्या कारखान्यात तुम्ही ऑफिस सांभाळता. बिलिंगचा जुना डॉस प्रोग्रॅम अजून चालू आहे. विक्री रजिस्टर तो एक तर प्रिंटरला देतो, नाही तर टेक्स्ट फाइलीत काढतो. सीएंना तीन वर्षांचं रजिस्टर एक्सेलमध्ये हवं आहे, म्हणजे महिन्याला एक अशा ३६ फाइली. ‘दोन किंवा जास्त स्पेस दिसल्या की तिथे कॉमा टाक’ अशी पायथन स्क्रिप्ट तुम्ही लिहिलीत. तिने काही पार्ट्यांची नावं तोडली, काही रकमा शेजारच्या रकान्यात ढकलल्या आणि महिन्याची बेरीज काही जुळेना. शिवाय पार्ट्यांचे मराठी पत्ते वेगळ्या फाइलीत आहेत, ते कोडवरून जोडायचे आहेत.

दोनऐवजी तीन स्पेस धरल्या तरी हे सुटणार नाही. ही फाइल कागदावर छापण्यासाठी बनलेली आहे. तिच्यात बिलाच्या ओळींबरोबर पानाचं डोकं, रेघा, ‘पुढे नेले’, ‘मागून आणले’, मोडून खाली आलेली नावं असं सगळं मिसळलेलं असतं. म्हणून खरं काम दोन गोष्टींचं आहे. प्रत्येक ओळ कोणत्या जातीची ते ठरवायचं, आणि एकही ओळ वाटेत हरवली नाही हे आकड्यांनी सिद्ध करायचं. कॉमा टाकणं त्यानंतर पाच मिनिटांचं काम आहे.

स्क्रिप्टला हात घालण्याआधी एक पाहा. प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये डीबीएफ नावाने संपणाऱ्या फाइली आहेत का? त्या काळातले बरेच हिशोबाचे प्रोग्रॅम फॉक्सप्रो किंवा क्लिपरवर बांधलेले असत आणि त्यांचा मूळ डेटा डीबीएफमध्ये असतो. अशी फाइल लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये थेट उघडते आणि रकाने तयार मिळतात. दोन पथ्यं पाळायची. फोल्डरची प्रत काढून प्रतीवरच काम करायचं, कारण डीबीएफ सहज सेव्ह झाली तर इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) बिघडू शकतो. दुसरं, डीबीएफमध्ये रद्द केलेली नोंद लगेच पुसली जात नाही. नोंदीच्या पहिल्या बाइटवर फक्त तारा पडतो आणि ‘पॅक’ हा सफाईचा हुकूम चालवेपर्यंत ती फाइलीतच राहते. काही साधनं या नोंदी लपवतात, काही दाखवतात. म्हणून डीबीएफमधून काढलेली बेरीजही छापील रजिस्टरशी ताडून पाहावीच लागते. डीबीएफ नसतील, किंवा त्यातली रकान्यांची नावं काही केल्या उमगत नसतील, तर टेक्स्टचा रस्ता धरा.

आता फाइल नीट बघू या. नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडा आणि व्ह्यू मेनूतून सगळी चिन्हं दाखवायला सांगा. डॉसच्या प्रिंट-फाइलीत हमखास सापडणारे पाहुणे असे: प्रत्येक पानाच्या शेवटी बाइट १२, म्हणजे फॉर्म फीड, फाइलीच्या अगदी शेवटी बाइट २६, म्हणजे डॉसची समाप्तीची खूण, आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरसाठीचे हुकूम. एप्सनच्या पद्धतीत बाइट १५ ने अक्षरं बारीक होतात आणि १८ ने परत मूळपदावर येतात. बाइट २७ च्या नंतर ठरावीक अक्षर आलं की ठळक छपाई सुरू किंवा बंद होते. हे बाइट पडद्यावर दिसत नाहीत, पण ओळीत जागा अडवतात. डोक्याच्या ओळीत असले तर फारसं बिघडत नाही. बिलाच्या ओळीत असले की त्या ओळीचे सगळे रकाने एक-दोन घरं (एका अक्षराची जागा म्हणजे एक घर) उजवीकडे सरकतात. म्हणून रकाने मोजण्याआधी हे काढायचे. काढताना लांबीकडे लक्ष द्या: २७ नंतर ठळकसाठी एकच अक्षर येतं, तर उद्गारचिन्ह आलं तर त्याच्या नंतर आणखी एक बाइट असतो. सगळीकडे ‘२७ आणि पुढचं एक’ असं धरलंत तर तो तिसरा बाइट ओळीत तसाच राहतो.

फाइल वाचताना एन्कोडिंग, म्हणजे कोणत्या बाइटला कोणतं अक्षर हा तक्ता, कोणतं द्यायचं? रजिस्टरात रेघांच्या चौकटी असतील तर ती बहुधा कोड पेज ४३७ या डॉसच्या तक्त्याची फाइल आहे. तिच्यात आडवी रेघ म्हणजे बाइट १९६, उभी रेघ १७९. पायथनला यूटीएफ-८ (आजचं नेहमीचं एन्कोडिंग) सांगितलंत की तो पहिल्याच चौकटीवर अडतो. अशा वेळी ‘चुका दुर्लक्षित कर’ ही सोय वापरू नका. तिने त्रुटी दिसेनाशी होते, पण न समजलेला प्रत्येक बाइट गळून पडतो आणि ओळ तेवढी आखडते. ज्या ओळीत उभ्या रेघा आहेत त्या ओळीचे रकाने बिघडतात आणि कारण शोधता शोधता दिवस जातो. ४३७ सांगा, त्यात प्रत्येक बाइटला एकच अक्षर मिळतं आणि घरांची संख्या कायम राहते.

पायथनमधला एक सापळा इथेच सांगतो. सगळी फाइल एकदम वाचून ‘स्प्लिटलाइन्स’ने ओळी पाडल्या तर ते फॉर्म फीडलाही ओळीचा शेवट समजतं. फाइलीवरून थेट एकेक ओळ वाचली तर तसं होत नाही. त्यामुळे दोन पद्धतींनी ओळींची संख्या वेगवेगळी येते, आणि पुढे ताळा घेताना डोक्याला ताप होतो. एकच पद्धत ठरवा. मी थेट वाचतो आणि ओळीच्या सुरुवातीला बाइट १२ असेल तर ‘नवं पान’ अशी नोंद करून तो काढून टाकतो.

तुमच्या रजिस्टरातली एक ओळ साधारण अशी असावी:

०४१७  १२-०५-२४  पी०२३८  पार्टीचं नाव…  ४८  १५,१२०.००  ३७८.००  ३७८.००    १५,८७६.००

बिल क्रमांक १ ते ४ या घरांत, तारीख ७ ते १४, पार्टी कोड १७ ते २१, नाव २४ ते ५३, आणि त्यापुढे नग, करपात्र रक्कम, सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटी, एकूण. घरांचे हे आकडे मी उदाहरणादाखल धरले आहेत. तुमचे वेगळे असणार, ते पट्टी लावल्यासारखे स्वतः मोजा. म्हणूनच तयार कोड न देता तर्क सांगतो आहे. पायथनमध्ये मोजणी शून्यापासून असते आणि शेवटचा आकडा धरला जात नाही, म्हणजे ७ ते १४ या घरांसाठी ६ ते १४ असं लिहायचं. नाव काढायला २३ ते ५३.

डावी बाजू घरं मोजून कापायची आणि उजवी बाजू आकडे वेचून. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण दोन्हीकडची अडचण उलटी आहे. नावाच्या आत स्पेस असतात, कधी कधी टायपिंगमध्ये दोन-दोन पडलेल्या असतात, म्हणून तिथे स्पेसवर तोडलं की नाव फुटतं. तुमचं नेमकं हेच झालं आहे. उजवीकडे मात्र रकमा फुगतात. ११ घरांच्या रकान्यात ९,९९,९९९.९९ बरोबर मावतं, १०,००,०००.०० ला १२ घरं लागतात. मोठं बिल आलं की काही प्रोग्रॅम त्या ओळीचे पुढचे सगळे रकाने एक घर सरकवतात, तर फॉक्सप्रो अशा जागी ताऱ्यांची रांग छापतो. सरकलेली ओळ आकडे वेचून वाचता येते. तारे छापले गेले असतील तर तो आकडा या फाइलीत नाहीच; तो बिलाच्या प्रतीवरून किंवा डीबीएफमधून आणावा लागेल. म्हणून तारे दिसलेली प्रत्येक ओळ स्क्रिप्टने वेगळी काढली पाहिजे.

आकडे वेचताना रिकाम्या रकान्यांचं काय? वरच्या नमुन्यात आयजीएसटीची जागा कोरी आहे. महाराष्ट्रातल्या पार्टीला सीजीएसटी आणि एसजीएसटी लागतो, कलबुर्गीच्या किंवा हैदराबादच्या पार्टीला आयजीएसटी. प्रोग्रॅम कोऱ्या जागी ०.०० छापत असेल तर नेहमी सहा आकडे मिळतील आणि प्रश्नच मिटला. छापत नसेल तर पाच आकडे म्हणजे राज्यातलं बिल, चार म्हणजे राज्याबाहेरचं. तीन किंवा सात आले तर ओळ संशयित. करमाफ माल किंवा निर्यात असेल तर तीन आकडेही खरे असू शकतात, पण ते माणसाने पाहून ठरवावं. आणि चार-पाचचा निर्णय पक्का करायला पार्टीच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक ताडून पाहा: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, तेलंगणा ३६. माल कुठे पोचवला यावर कर ठरत असल्याने याला अपवाद निघतात, त्यामुळे न जुळलेली ओळ चूक न समजता फक्त पाहणीला काढा.

आता ओळींच्या जाती. स्क्रिप्टने प्रत्येक ओळ पुढीलपैकी एका खात्यात टाकायची: कोरी, डोकं किंवा रेघ, बिल, मागच्या नावाचा उरलेला भाग, बेरीज, आणि ‘न ओळखलेली’. बिलाची कसोटी कडक ठेवा: पहिली चारही घरं अंकांची आणि तारखेच्या जागी दोन अंक, डॅश, दोन अंक, डॅश, दोन अंक. नुसतं ‘अंकाने सुरू होणारी’ असं धरलंत तर डोक्यावरची छपाईची तारीखही बिल म्हणून घुसते. उरलेल्या नावाची कसोटी: नावाच्या घरांआधी सगळं कोरं, नावाच्या घरांत काहीतरी मजकूर, त्यापुढे पुन्हा कोरं. बेरजेची कसोटी तिच्या ठरलेल्या शब्दांवरून. जी ओळ कशातच बसत नाही ती टाकून न देता वेगळ्या फाइलीत, मूळ फाइलीचं नाव आणि ओळ क्रमांक लावून लिहायची. पहिल्या फेरीत तिथे पाच-पन्नास ओळी जमतील. त्या वाचूनच पुढचे नियम सुचतात: ‘रद्द’ लिहिलेली बिलं, माल परत आल्याच्या नोंदी, कोणीतरी हाताने घातलेली टीप.

सगळ्यात जास्त फसवणारी जागा पान बदलतं तिथली आहे, म्हणून ती जवळून बघू. नाव ३० घरांपेक्षा लांब असलं की उरलेलं ‘क्लॉथ स्टोअर्स, मंगळवार पेठ’ खालच्या ओळीवर येतं. ११ इंची कागदावर इंचाला ६ ओळी, म्हणजे पानाला ६६ ओळी. बिलाची ओळ जर पानाच्या छापायच्या शेवटच्या ओळीवर आली, तर तिच्यानंतर ‘पुढे नेले’ची बेरीज, मग फॉर्म फीड, मग कारखान्याचं नाव, रजिस्टरचं शीर्षक, रेघ, रकान्यांची नावं, रेघ, ‘मागून आणले’, आणि त्यानंतर एकटीच पडलेली ‘क्लॉथ स्टोअर्स, मंगळवार पेठ’. स्क्रिप्ट ‘वरच्या ओळीला जोड’ एवढंच शिकलेली असेल तर हा तुकडा ‘मागून आणले’ला चिकटतो किंवा हरवतो. उपाय असा की बिलाची ओळ वाचली की ती लगेच लिहायची नाही, हातात धरून ठेवायची. डोकं, रेघ, कोरी ओळ, पानाची बेरीज आली तरी हातातली नोंद सोडायची नाही. पुढचं बिल किंवा महिन्याची अखेरची बेरीज आली की मगच ती लिहून मोकळं व्हायचं. फाइल संपल्यावर हातात उरलेली शेवटची नोंद लिहायला विसरू नका. महिन्याचं शेवटचं बिल गायब होतं ते इथेच.

‘मागून आणले’ बिलांच्या बेरजेत धरायची नाही हे उघड आहे, पण तिचा फार मोठा उपयोग आहे. प्रत्येक पानाच्या ‘पुढे नेले’शी आपली तोपर्यंतची बेरीज ताडून पाहा. महिन्याच्या शेवटी ४,२०० रुपयांचा फरक दिसला तर तो अडीचशे ओळींत शोधावा लागतो. पानागणिक ताळा घेतला की नेमकं सातव्या पानावर बिनसलं एवढं लगेच कळतं.

ताळे एकूण चार घ्यावेत. पहिला, वाचलेल्या ओळींची संख्या आणि सगळ्या खात्यांतल्या ओळींची बेरीज सारखी आली पाहिजे. दुसरा, पानाची आणि महिन्याची बेरीज. तिसरा, प्रत्येक बिलात करपात्र अधिक कर बरोबर एकूण. वरच्या नमुन्यात १५,१२० अधिक ३७८ अधिक ३७८ म्हणजे १५,८७६. राउंड ऑफ वेगळा छापत नसेल तर ५० पैशांपर्यंतचा फरक मान्य करा, त्यापुढचा नाही. चौथा, बिल क्रमांकांची सलगता: मधला क्रमांक गायब असेल तर त्याची यादी काढा आणि ती बिलं रद्द झालेली आहेत का ते पाहा. बिल क्रमांक १ एप्रिलला पुन्हा ०००१ पासून सुरू होतो, त्यामुळे तीन वर्षांच्या फाइली एकत्र केल्या की एकाच क्रमांकाची तीन-तीन बिलं दिसतात. ओळख म्हणून नेहमी आर्थिक वर्ष आणि क्रमांक अशी जोडी धरा.

रकमांबद्दल थोडं. कॉमा काढून पायथनच्या ‘डेसिमल’ या अचूक दशांशाच्या प्रकारात घ्या. ‘फ्लोट’मध्ये ०.१० सारखी रक्कमही अचूक साठवली जात नाही, हजारो ओळींच्या बेरजेत शेवटच्या दशांशांत बारीक फरक निघतात, बेरजा तंतोतंत सारख्या ठरत नाहीत आणि मग खरी चूक कुठली आणि गणिताची कुठली ते कळत नाही. माल परतीच्या रकमेत उणे चिन्ह बऱ्याचदा शेवटी असतं, ५००.००- असं, ते पुढे आणावं लागतं. आणि कराचा दर स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवू नका. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. दर गृहीत धरून ताळा घेणारी स्क्रिप्ट त्या तारखेच्या एका बाजूला खोटी ठरते. फाइलीतला कर घ्या.

तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने, वर्षाचे चारही अंक घालून लिहा. ०५-०४-२४ तशीच ठेवलीत तर अमेरिकन सेटिंगच्या संगणकावर एक्सेल ती ४ मे समजतं, १३-०४-२४ मात्र मजकूर म्हणून पडून राहते. काही तारखा चुकीच्या आणि काही नुसता मजकूर, असा गोंधळ पटकन लक्षातही येत नाही.

लिहिताना पायथनचं सीएसव्ही (कॉमाने रकाने पाडलेली टेक्स्ट फाइल) मोड्यूल वापरा. पत्त्यातले कॉमा ते स्वतः अवतरणात घालतं. फाइल उघडताना ‘न्यूलाइन’ कोरी द्या, नाही तर विंडोजवर प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी ओळ येते. एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या. त्याने फाइलीच्या सुरुवातीला तीन बाइटची खूण पडते आणि डबल क्लिक केल्यावर एक्सेल मराठी नीट दाखवतं. पार्टी कोड नुसता अंकांचा असेल तर एक्सेल सुरुवातीची शून्यं खातं. १२ अंकी ई-वे बिल क्रमांक तर ‘१.२३ई+११’ असा दिसू लागतो, आणि तसाच सीएसव्ही म्हणून परत सेव्ह झाला की कायमचा गेला. असे रकाने असतील तर सीएसव्हीऐवजी पायथनच्या ‘ओपनपायएक्सएल’ मोड्यूलने थेट एक्सेल फाइल बनवा आणि ते रकाने मजकूर म्हणून लिहा.

राहिली मराठी पत्त्यांची फाइल. ती श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली असेल तर फाँट बदलताच इंग्रजी चिन्हांचा पसारा दिसेल. तिथे अक्षराला अक्षर बदलून भागत नाही, कारण ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते आणि रफार नंतर; युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा आहे. त्या फाँटचा स्वतःचा कन्व्हर्टर वापरा, आणि ‘कि’, ‘र्क’, ‘र्कि’ असलेले शब्द आधी तपासा.

युनिकोडमध्ये आल्यावरही दिसायला सारखे शब्द संगणकाला वेगळे वाटतात. ‘ऱ’ एका चिन्हाने लिहिलेला असू शकतो किंवा र आणि नुक्ता मिळून. पायथनच्या ‘युनिकोडडेटा’ मोड्यूलमधलं एनएफसी, म्हणजे चिन्हं एकाच ठरावीक रूपात आणण्याची पद्धत, हे दोन्ही एक करतं. पण ‘ॲड.’ मधला ॲ एक अक्षर आहे की अ आणि त्यावर चंद्र, हा फरक एनएफसी मिटवत नाही. तो स्वतः बदलून घ्यावा लागतो. शब्दांत लपलेले झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे (अक्षरं जोडणारी किंवा वेगळी ठेवणारी अदृश्य चिन्हं) कडेच्या स्पेस काढणाऱ्या ‘स्ट्रिप’ने जात नाहीत. नावं ताडून पाहण्यापुरते ते काढा, पत्ता छापायच्या प्रतीत मात्र राहू द्या, कारण काही जोडाक्षरांचं रूप त्यांच्यावर ठरतं. देवनागरी अंक पायथनचा ‘इंट’ वाचतो, एक्सेल त्यांची बेरीज करत नाही. पिनकोड आणि फोन बदलून घ्या. गावांच्या नावांसाठी छोटी तक्ता-फाइल ठेवा: विजापूर आणि विजयपूर, गुलबर्गा आणि कलबुर्गी, उस्मानाबाद आणि धाराशिव. जुन्या पार्ट्यांचे पत्ते जुन्या नावांनीच टाइप झालेले असतात.

हे सगळं करूनही पार्टीच्या नावावरून फाइली जोडू नका, कोडवरूनच जोडा. कोड न सापडलेल्या पार्ट्यांची यादी वेगळी काढा आणि ती हाताने भरा.

सुरुवात एकाच महिन्याने करा आणि तो मार्च घ्या. वर्षअखेरीच्या घाईत मोठी बिलं, परतीचा माल आणि रद्द बिलं सगळं त्यात सापडतं. मार्चचे चारही ताळे लागले की बाकीच्या फाइली चालवा. प्रत्येक फाइलीसाठी एका ओळीचा अहवाल निघू द्या, त्यात ओळी, बिलं, न ओळखलेल्या ओळी आणि बेरजेतला फरक. फरक शून्य नसलेली फाइल सीएंकडे जाऊ देऊ नका. मूळ ३६ फाइली ‘फक्त वाचण्यासाठी’ करून वेगळ्या ठेवा, आणि विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमधून ‘मोठ्यापेक्षा’च्या चिन्हाने फाइली एकत्र करू नका, ते यूटीएफ-१६ मध्ये लिहितं आणि तुमची स्क्रिप्ट पहिल्याच ओळीवर अडखळेल.

तरीही एखादं पान अडलं तर त्याच्या आधीच्या पानाच्या शेवटच्या दहा आणि त्या पानाच्या पहिल्या वीस ओळी पाठवा. पार्टीची नावं आणि जीएसटी क्रमांक बदलूनच पाठवा, पण प्रत्येक जागी तितकीच अक्षरं ठेवा. घरं सरकली तर मला चुकीची फाइल दिसेल.